धावपट्टीवरचा सात

३ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं कोडं सुटलं. विमानांच्या सावल्या दक्षिणेकडे पडल्या होत्या, म्हणजे विषुववृत्ताच्या खालचा देश. माती तांबडी, रस्त्यावरच्या गाड्या डाव्या बाजूने, आणि धावपट्टीचं एक टोक भराव घालून समुद्रात ढकललेलं. असली विमानतळं काही गल्लोगल्ली नसतात. दुसऱ्या प्रयत्नात सापडलं.

आता माझा प्रश्न. मी तुला पत्ता विचारला होता. पत्ता म्हणजे घर, गल्ली, गाव. त्यावर तू आकाशातून काढलेलं एका विमानतळाचं चित्र पाठवलंस आणि खाली लिहिलंस, "ओळख." मी वेडी, मला वाटलं हेच तुझं गाव. सगळी संध्याकाळ घालवली आणि निघालं काय, तर समुद्रापलीकडचं बेट. तुझे भावोजी म्हणाले, आता पासपोर्ट काढ.

या खेळाचा नाद तुला मीच लावला, हे मान्य. रोज एक चित्र यायचं, वरून दिसणारी जागा जगात कुठे आहे ते दोघांनी सांगायचं, ज्याचं जवळचं तो जिंकला. तू शिकायला गेलास तेव्हा तेवढंच एक बोलणं आपल्यात उरलं होतं, म्हणून मी ते सोडलं नाही. पण आता तू खेळाच्या आड लपतोस. फोन उचलत नाहीस. मेल पाठवली की आठवड्याने उत्तर, त्यातही चित्र.

आई बरी आहे. जिना जरा कमी चढते, एवढंच. शेजारणीला सांगत असते, माझा धाकटा टॉवरमध्ये बसून विमानं उतरवतो. शेजारीण विचारते, कुठल्या गावी? मग आई माझ्याकडे बघते. मी दिवसभर दुकानात लोकांचे चष्म्याचे नंबर काढायचे, घरी येऊन आईच्या डोळ्यांना तोंड द्यायचं. मी तरी काय सांगू?

गाव सांग. नुसतं गाव. मी येणार नाही.

ताई

---

९ फेब्रुवारी

ताई,

"मी येणार नाही" हे वाक्य तू मागच्या खेपेलाही लिहिलं होतंस. मी ट्रेनिंगला होतो तेव्हा गाव सांगितलं, तर पुढच्या रविवारी तू दोन पिशव्या आणि एक गादी घेऊन दारात. माझ्या शिक्षकांना जाऊन भेटलीस. "हा लहानपणापासून घाबरट आहे, जरा सांभाळून घ्या," असं त्यांना सांगून आलीस. पोरं सहा महिने मला "जरा सांभाळून" म्हणून हाक मारायची.

आणि ते पाण्याच्या टाकीचं. तू घरी बसून वरच्या चित्रात माझ्या वसतिगृहाची गच्ची शोधलीस आणि मला मेल केलीस, "टाकीवर झाकण नाही, डास होतील, वॉर्डनला सांग." मी वॉर्डनला सांगितलं. तो मला गच्चीवर घेऊन गेला. झाकण होतं. ते चित्र मी तिथे जायच्या कितीतरी आधी काढलेलं होतं. हे तुला मी तेव्हाही लिहिलं, तू म्हणालीस, "असू दे, लक्ष ठेवलेलं बरं."

म्हणून नाही सांगत. माझी गच्ची माझी राहू दे.

बाकी इथे बरं आहे. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. गच्चीवर गेलं की विमानतळाचं कुंपण आणि पलीकडे धावपट्टीचं शून्य-सातचं टोक दिसतं, तिरके तिरके मोठे पांढरे आकडे. बाजूला गोल तळं आहे, त्यात बगळे बसतात. सकाळी मालगाडी जाते तेव्हा खोलीतले कप वाजतात. मला आवडतं.

आईला सांग, मी मजेत आहे. जिना कमी चढते म्हणजे काय?

टिल्लू

---

१३ फेब्रुवारी

टिल्लू,

बरं बाबा, नको सांगूस. राहिलं.

आई साठीच्या पुढे आहे, उड्या मारत जिना चढेल का? काहीतरी विचारत बसू नकोस.

मालगाडीने कप वाजतात म्हणजे रूळ अगदीच जवळ असणार. झोपमोड होत नाही का? आणि तळ्याचा वास येतो का रे? तळं धावपट्टीच्या कुठल्या अंगाला आहे, तुझ्या डावीकडे की उजवीकडे? वाऱ्याची दिशा बघून खिडकी उघडावी, म्हणून विचारते.

ताई

---

१९ फेब्रुवारी

ताई,

डावीकडे. वास येत नाही. रूळ तळ्याच्या पलीकडून जातो. झोप लागते. खिडकी मी माझी उघडतो.

तू इतक्या सहज "राहिलं" म्हणालीस हे मला पटलेलं नाही. काय चाललंय?

टिल्लू

---

२ मार्च

टिल्लू,

दुपारचे अडीच वाजलेत. तुझ्या विमानतळासमोरच्या लॉजमध्ये बसून लिहिते आहे. आई पलंगावर पडली आहे. मी इतकी चिडले आहे की दोनदा सगळं लिहून पुसलं.

हो, शोधलं. शोधणारच होते. तू स्वतःच सगळं हातात दिलंस. धावपट्टीच्या टोकाला शून्य-सात, डावीकडे गोल तळं, तळ्यापलीकडे रूळ, कुंपणाला लागून दोन मजली घरं. पंधरा दिवस दुकानातून आले की हाच उद्योग. देशातली एकेक धावपट्टी वरून बघितली. दोनच जागी सगळं जुळलं. पहिलीत तळं, रूळ, घरं, सगळं होतं, पण आकडा शून्य-सहा. बाद केली. दुसरीत स्वच्छ शून्य-सात. मी उठून आईला म्हटलं, सापडला.

रात्रीच्या गाडीने निघालो. आठ तास. आईला खालची जागा मिळाली नाही, एका माणसाशी भांडून मिळवली. गेटवर जाऊन सुरक्षारक्षकाला तुझं नाव सांगितलं, टॉवरमध्ये काम करतो म्हटलं. त्याने फोन लावला. टॉवरमध्ये या नावाचं कोणी नाही. मी म्हटलं, पुन्हा लावा. पुन्हा तेच. मी म्हटलं, त्यानेच सांगितलं असेल बहिणीला ओळख देऊ नका म्हणून, तुमच्या साहेबाला बोलवा. साहेब आला. तोही नाहीच म्हणाला. आई तासभर उन्हात गेटच्या कठड्यावर बसून होती. शेवटी त्या रक्षकाने तिला आपली खुर्ची आणून दिली आणि मला म्हणाला, "बाई, ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत, पण भांडणाशिवाय बाहेरसुद्धा उभं राहता येतं."

आता लपवून काय उपयोग. आईचा उजवा खुबा गेलाय. काठी घेऊन चालते. एकवीस तारखेला ऑपरेशन ठरलंय, आणि ती म्हणते, टिल्लूला बघितल्याशिवाय टेबलावर चढणार नाही. तुला कळवायचंही नाही म्हणते, घाबरून आला तर ते काय येणं झालं. तुम्हा दोघांच्या हट्टात माझं भरीत होतंय.

मी गेटसमोरच आहे. बाहेर ये.

ताई

---

२ मार्च, संध्याकाळ

ताई,

कुठल्या गेटवर?

माझ्या विमानतळाच्या गेटवर रक्षक नाही, बाई आहे, आणि मी आत्ता तिच्यासमोर उभा आहे. तिने दिवसभरात कोणत्याही बहिणीला बघितलेलं नाही.

तू जी जागा बाद केलीस, शून्य-सहावाली, मी तिथे राहतो.

धावपट्टीवरचा आकडा म्हणजे होकायंत्राने दाखवलेली दिशा असते, हे तुला माहीत आहे. पण होकायंत्राची उत्तर एका जागी राहत नाही, वर्षावर्षाने थोडी थोडी सरकते. धावपट्टी तिथेच, आकडा खोटा. मग जुना आकडा खरवडून काढायचा आणि नवा रंगवायचा. गेल्या पावसाळ्यानंतर इथला सहाचा सात झाला. तुझं वरचं चित्र त्याच्या आधीचं आहे. ताई, ही चित्रं जुनी असतात हे मी तुला टाकीच्या वेळी सांगितलं होतं. दिवसभर लोकांना आकडे वाचायला लावतेस.

आणि तो सात मी रंगवलाय. मी आणि आणखी चार जण. मी टॉवरमध्ये नाही. कधीच नव्हतो. शेवटच्या परीक्षेत दोन विमानं एकदम बोलायला लागली आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. काढून टाकलं. मग इथे धावपट्टीच्या देखभालीत लागलो. पट्टे मारतो, आकडे रंगवतो, टायरचं रबर घासून काढतो. मी तुम्हाला लिहिलं होतं, "विमानतळावर नोकरी लागली." टॉवर तुम्हीच बांधलात. मला वाटलं, कोणीतरी विचारेल, बाबा रे, तू तिथे करतोस काय? दीड वर्षात एकदाही नाही. कुठे राहतोस, कुठल्या अंगाला तळं, खिडकी कुठली. तुझ्या सगळ्या मेल पुन्हा वाचून बघ. "कुठे" सोडून दुसरा प्रश्न नाही.

आईचा खुबा गेला आणि तू मला "उड्या मारेल का" असं लिहितेस. यावर मी आत्ता बोलत नाही.

तिथेच थांबा. रात्रीची बस मिळते आहे. आईला गेटवर नेऊ नकोस. त्या रक्षकाची माफी माग.

टिल्लू

---

१२ मार्च

टिल्लू,

मी घरी एकटीच परत आले आहे, याची तुम्हा दोघांपैकी कोणाला काही कल्पना आहे का?

ठरलं होतं काय? तू आईला भेटशील, आई समाधानी होईल, आम्ही दोघी परतीच्या गाडीने घरी येऊ. झालं काय? तू बसमधून उतरून लॉजच्या खोलीत आलास, बुटांवर पांढरा रंग, दाढी वाढलेली. मी रात्रभर मनात भाषण तयार केलं होतं. पहिलं वाक्य म्हणायच्या आत आई पलंगावरून म्हणाली, "तो रंग हाताला चिकटतो का रे?"

बस. तेवढ्यावर तू सुरू झालास. रंगात काचेचे बारीक मणी मिसळतात, म्हणून दिव्यात चमकतो. आकडा रंगवताना उभं राहून तो कळतच नाही, दोरी लावून नुसत्या खुणेने जायचं. सातची तिरकी रेघ दोनदा खोडावी लागली. पहिलं विमान त्या सातवरून उतरलं तेव्हा तुम्ही पाचही जण कुंपणाशी जाऊन उभे राहिलात आणि मुकादमाने डोक्यावरची टोपी काढली. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. दोन वर्षांत तू माझ्याशी मिळून जेवढं बोलला नाहीस तेवढं त्या एका तासात आईशी बोललास. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींतलं काय आधी करावं ते कळेना, म्हणून मी खाली जाऊन बिल भागवलं.

वर आले तर आई म्हणते, मी याच्याबरोबर चार दिवस जाऊन येते.

चार दिवसांचे दहा झाले. एकवीसला ऑपरेशन आहे. डॉक्टरांकडून फोन आला, रक्त तपासायला कधी आणता. मी काय सांगू, पेशंट सापडत नाही? तुझा फोन लागत नाही. आईच्या फोनवर एक बाई उचलते आणि म्हणते, "आजी गच्चीवर आहेत." खुबा गेलेली बाई गच्चीवर कशी गेली?

मी तुझ्या मेल पुन्हा वाचल्या. माझ्यासुद्धा. तू म्हणालास ते खरं आहे. यावर जास्त लिहिणार नाही, पण खरं आहे. तुला परीक्षेतून काढलं तेव्हा तू कोणाकडे गेलास? जेवलास का त्या दिवशी? कोणाशी बोललास?

बघ, यातही पहिला प्रश्न "कोणाकडे" असाच आला. सवय आहे, जायला वेळ लागेल.

आईला परत आण.

ताई

---

१४ मार्च

माझ्या थोरलीस,

टिल्लू हे त्याच्या फोनवरून पाठवतो आहे. मी कागदावर लिहिलं, त्याने फोटो काढला. अक्षर वाचता आलं नाही तर तुझ्याच दुकानात जाऊन डोळे तपासून घे.

मी बरी आहे. गच्चीवर मी चालत गेले नाही, मला नेलं. त्याच्या टोळीतल्या चौघांनी खुर्चीला दोन बांबू बांधले आणि मला उचलून वर नेलं, एखाद्या राणीला न्यावं तसं. फोन उचलते ती खालच्या मजल्यावरची शिंपीण, भली बाई आहे. गच्चीवरून तो सात दिसतो. मला आधी तो सात वाटलाच नाही, नुसती रेघ वाटली. मग एक विमान आलं आणि चाकं बरोबर त्याच्यावरून गेली. टिल्लू शेजारी उभा होता. त्याचं लक्ष विमानाकडे नव्हतं, माझ्याकडे होतं.

शेजारणीला काय सांगायचं याची काळजी करू नकोस. मी आल्यावर मीच सांगणार आहे, आणि टॉवरपेक्षा जास्त वेळ सांगणार आहे.

आता ऑपरेशनचं. मी घाबरले होते. टिल्लूला बघितल्याशिवाय टेबलावर चढणार नाही म्हणाले, ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की त्याचा ठावठिकाणा लागायला वेळ लागेल, तोवर ऑपरेशन टळेल, असा माझा हिशेब होता. तू इतकी हुशार निघशील असं वाटलं नव्हतं. मग तू चुकीच्या गावात नेलंस तेव्हा मला मनातून जरा बरंच वाटलं. रागावू नकोस. परवा रात्री टिल्लूला हे सांगितलं. तो म्हणाला, "आई, मला दोन विमानं बोलायला लागली तेव्हा जसं झालं, तसं होतंय का तुला?" मी म्हटलं, तसंच. तो म्हणाला, "मग मी खोलीच्या दारापर्यंत येतो. पुढे तुझं तू." म्हणून मी येते आहे. एकवीसला टेबलावर चढते. त्याने रजा काढली आहे.

पण दोन मजले उतरायचे, मग स्टेशन, मग गाडी, हे एकट्या टिल्लूने होणार नाही. टोळीची पाळी आता दिवसाची आहे, दुपारी ते नसतात. तू ये न्यायला. तिघं मिळून जाऊ.

पत्ता नीट वाच. स्टेशनातून बाहेर आलीस की समोरच्या रस्त्याने जाऊ नकोस, तो बाजारात जातो. उजवीकडे वळ. सायकल दुरुस्तीचं दुकान लागेल, तिथून पूल. पुलाखालून नाही, वरून. पूल संपला की पिठाची गिरणी, गिरणीच्या मागची गल्ली. गल्लीत डावीकडचं चौथं घर, खाली शिलाईचं यंत्र वाजत असतं. बेल बंद आहे, दार ठोक. आणि यायच्या आधी आमची गच्ची वरून बघत बसू नकोस. गाडीत झोप काढ, तुझे डोळे फार ताणलेले असतात. तुला झोप लागते का हल्ली? हे मीही तुला कधी विचारलं नाही.

तुझी आई

---

१८ मार्च, सकाळी साडेदहा

टिल्लू,

पुलावरून आले. गिरणी दिसली. गिरणीच्या मागे एक गल्ली नाही, दोन आहेत, हे आईने लिहिलेलं नाही. पहिलीत शिरले, चौथं घर बंद, कुलूप लावलेलं. दुसरीत शिरले तर तिथे तीनच घरं. शिलाईचं यंत्र कुठेच वाजत नाहीये. फोनवर वरचं चित्र उघडलं, त्यात या गिरणीच्या जागी नुसतं शेत आहे. मग फोन पिशवीत टाकला.

गिरणीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, रंगवाला ना, आजीला खुर्चीवरून नेतात तो? बसा, पाणी प्या, पोराला निरोप धाडतो. बाकावर बसले आहे. अंगावर पीठ उडतंय, पाय दुखताहेत, पिशवी जड आहे आणि मला इथलं काहीही ओळखू येत नाहीये.

खाली ये. तू कसा आहेस ते मला विचारायचं आहे.

ताई